ओरखडा की तडा? मोटरसायकलच्या प्लास्टिक बॉक्सची दुरुस्ती



रविवारी पहाटे साडेपाचला हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळ उभं राहून बघा. बळ्ळारी रोडनं नंदी हिल्सकडे निघालेल्या मोटरसायकलींची रांगच लागलेली असते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मागे टॉप बॉक्स किंवा दोन्ही बाजूंना साइड बॉक्स असतात. बॉक्स बहुतेक काळे, आणि वर्षभर वापरलेले असतील तर त्यांच्या कोपऱ्यांवर पांढरे ओरखडे. कुणाची गाडी पार्किंगमध्ये कलंडली असेल, कुणाचा बॉक्स भिंतीला घासला असेल, कुणी खडीवर घसरला असेल. मी स्वतः या तिन्ही प्रकारांत अनुभवी आहे.

काही दिवसांपूर्वी आमच्याच सोसायटीतला एक मुलगा टॉप बॉक्स काखेत मारून माझ्याकडे आला. मूळचा पुण्याचा, इथं नोकरीला. म्हणाला, "काका, एवढे तीन ओरखडे काढून द्या ना. परवा गाडीनं घरी निघतोय. आईनं बघितलं की पडलास कुठे म्हणून विचारत बसेल." मी म्हटलं, "ठेव इथं, आधी धुऊन बघू." धुतला आणि कळलं, की त्या तीन रेघांपैकी दोनच ओरखडे होते. तिसरा तडा होता. बॉक्सच्या तळाला जिथं बोल्ट बसतो, त्या भोकापासून निघून तो कोपऱ्यापर्यंत आला होता. बंगळुरू ते पुणे साधारण साडेआठशे किलोमीटर. बॉक्समध्ये लॅपटॉप, कपडे, आईसाठी घेतलेला म्हैसूरपाक. वाटेत तो तळ फाटला असता तर बॉक्स मागून येणाऱ्याच्या चाकाखाली गेला असता. मागून येणारा दुचाकीवर असता तर पुढचं बोलायलाच नको.

म्हणून आजचा विषय ओरखडे काढण्याचा असला, तरी सुरुवात ओरखडा ओळखण्यापासून करू. व्हिडिओत हात चालवून दाखवलं होतं, इथं तेच शब्दांत सांगतो. हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. हा ओरखडा आहे की तडा? प्लास्टिक कोणतं आहे? आणि जखम किती खोल आहे? या तिघांची उत्तरं मिळाली, की उपाय आपोआप ठरतो. उत्तरं न शोधता हीट गन चालवली, की चांगला बॉक्स खराब होतो. तेही मी करून बसलोय, पुढे सांगतो.

आधी धुवा

फौजेत गाडी बाहेर काढण्यापूर्वी रोज सकाळी तपासणी होते, तिला 'फर्स्ट परेड' म्हणतात. पाणी, तेल, टायर, नट-बोल्ट, सगळं बघायचं आणि मगच इंजिन सुरू करायचं. बॉक्सचीही अशीच फर्स्ट परेड करा.

बॉक्स गाडीवरून उतरवा. गाडीवर असताना तळ आणि मागची बाजू दिसत नाही, आणि तडे नेमके तिथंच जातात. कोमट पाण्यात थोडा कार शाम्पू किंवा भांडी घासायचा पातळ साबण घाला, जुन्या मऊ टूथब्रशनं घासा, कोरडा करा. मग सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. केमिस्टकडे मिळतं. गंमत अशी, की यातच बरेच 'ओरखडे' निघून जातात. ते ओरखडे नसतातच. दुसऱ्या गाडीचा रंग, भिंतीचा चुना, टायरचं रबर, असं काहीबाही बॉक्सवर घासलं जाऊन चिकटलेलं असतं.

उरलेल्या रेघेवरून बोटाचं नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा. अडकलं तर खोल. एवढी सोपी चाचणी, पण पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे.

आता तड्याची चाचणी. रात्री दिवा बंद करून बॉक्सच्या आत टॉर्च ठेवा, आणि बाहेरून बघा. काळ्या प्लास्टिकमधून प्रकाश येत नाही, पण आरपार तडा असेल तर केसासारखी उजेडाची रेघ दिसते. मग दोन्ही हातांनी त्या भागाला हलकासा पीळ द्या. ओरखडा जसाच्या तसा राहतो. तड्याच्या कडा उघडतात, मिटतात, कधी बारीक कट्‌ असा आवाजही येतो. सगळ्या बोल्टांची भोकं, कुलूप, बिजागरी आणि तळाचे चार कोपरे इतकं तरी तपासाच. आरपार न गेलेला तडा टॉर्चला दिसत नाही, म्हणून पीळ द्यायची चाचणी चुकवू नका.

तडा कशामुळे गेला?

त्या मुलाच्या बॉक्सचा बोल्ट काढला तेव्हा कारण हातात आलं. बोल्टच्या आट्यांवर निळा सुकलेला पदार्थ होता. हे थ्रेडलॉकर. बोल्ट हादऱ्यांनी सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं औषध. लोखंडात लोखंड जात असेल तिथं उत्तम. पण एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांना ते लागलं, की ताणाखाली असलेल्या जागी बारीक भेगा पडायला लागतात. बोल्ट जितका घट्ट, तितका ताण जास्त, तितकी भेग लवकर. बॉक्स बसवणाऱ्यानं काळजीपोटीच थ्रेडलॉकर लावलं असणार आणि काळजीपोटीच पाना जोर लावून फिरवला असणार. वॉशरही लहान होता. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, वर गाडी एकदा पडली, आणि तळ तडकला.

बॉक्स बसवताना हे टाळायचं कसं? प्लास्टिकला टेकणाऱ्या बोल्टला थ्रेडलॉकर लावू नका. त्याऐवजी नायलॉक नट वापरा. त्याच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते, ती आट्यांना घट्ट धरून ठेवते. खाली रुंद वॉशर घाला, जमलं तर त्याखाली रबराची चकती. बोल्ट घट्ट करायचा, पण प्लास्टिक दबून आत जाईपर्यंत नाही. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर एकदा तपासायचा.

प्लास्टिक कोणतं?

आपल्याकडे गाडीच्या कुठल्याही प्लास्टिकच्या भागाला 'फायबर' म्हणायची पद्धत आहे. दुकानदारही 'फायबरचा बॉक्स' म्हणून विकतो. पण फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं फायबरग्लास, ते वेगळं. मोटरसायकलचे बॉक्स मुख्यतः दोन प्लास्टिकांचे असतात. एबीएस आणि पॉलिप्रॉपिलीन.

एबीएस म्हणजे ब्रेकचं एबीएस नव्हे. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांची आद्याक्षरं आहेत ती. नातवंडांच्या लेगोच्या विटा १९६३ पासून याचपासून बनतात. कडक, आकार धरून ठेवणारं, रंग छान घेणारं प्लास्टिक. म्हणून रंगवलेली चकचकीत झाकणं बहुतेक एबीएसची असतात.

पॉलिप्रॉपिलीन थोडं मऊ, मेणचट हाताला लागतं. इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये ते तयार केलं आणि १९६३ मध्ये त्यांना कार्ल झिगलर यांच्यासोबत नोबेल मिळालं. बादल्या, फ्रीजमधले डबे, कारचे बंपर बहुतांशी याच घराण्यातले. मोटरसायकलच्या बॉक्समध्ये काळ्या, खरखरीत पोताच्या तळासाठी ते खूप वापरतात.

ओळखायचं कसं? बॉक्स उघडून आतल्या बाजूला, तळाला किंवा बिजागरीपाशी बघा. दोन टोकदार कंसांमध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पीपी असेल तर पॉलिप्रॉपिलीन, एबीएस असेल तर एबीएस, पीसी असेल तर पॉलिकार्बोनेट. त्रिकोणात पाचचा आकडा असेल तर तेही पॉलिप्रॉपिलीनच.

खूण सापडली नाही तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा ब्लेडनं कापा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. साबण यासाठी, की तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटू नये. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी असते. बुडाला तर एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट. बुडालेल्या तुकड्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाका. एबीएस असेल तर काही वेळात चिकट होतं. काही लोक जाळून वासावरून ओळखतात. घरात ते करू नका, एबीएसचा धूर विषारी असतो.

पांढरी रेघ का दिसते?

बॉक्स आतपर्यंत काळा, मग ओरखडा पांढरा का? त्यामागे दोन कारणं असतात. पहिलं, घासल्यामुळे पृष्ठभाग फाटून बारीक तंतू उभे राहतात. गुळगुळीत जागी प्रकाश एका दिशेला परततो, फाटलेल्या जागी तो चहूकडे विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. काळ्या पाटीवर नख ओढल्यावर उमटते तशी ही रेघ. दुसरं, प्लास्टिक दाबलं किंवा ओढलं गेलं, की आत अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात. प्लास्टिकची पट्टी वाकवल्यावर वाकलेली जागा पांढरी पडते, ती यामुळे.

म्हणजे रंग गेलेला नसतो, रचना बिघडलेली असते. ओली केल्यावर रेघ गायब होते आणि वाळल्यावर परत येते, त्याचं कारणही हेच. पाणी त्या खाचा भरतं, प्रकाश विखुरणं थांबतं. तेल, पॉलिश, चकाकी आणणारी सिलिकॉनची लोशनं सगळी याच तत्त्वावर चालतात. खाच भरतात, बुजवत नाहीत.

इथं माझी कबुली. फौजी माणसाच्या घरात बूट पॉलिश नेहमीच असतं. मी माझ्या साइड बॉक्सला काळं बूट पॉलिश लावलं, ब्रश मारला. काय चमकला! संध्याकाळी पाऊस आला आणि पॉलिशचा निम्मा हिस्सा माझ्या खाकी पँटवर उतरला. खोबरेल तेलाचंही तसंच, वर त्याला धूळ चिकटते. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती चकचकीत रंगावर थोडंफार काम करते, पण पोत असलेल्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी पूड खाचांत अडकते आणि आधीपेक्षा जास्त दिसते.

वरवरचा ओरखडा, पोत असलेलं काळं प्लास्टिक

नख अडकत नसेल तर गरम हवेचा उपाय. गरमीनं उभे तंतू वितळून पृष्ठभागात मिसळतात आणि पांढरेपणा जातो. पॉलिप्रॉपिलीनवर हा सर्वांत चांगला चालतो. केस वाळवायचा ड्रायर बहुतेक वेळा कमी पडतो, हीट गन लागते.

आधी लॉक, रबरी पट्टी, स्टिकर, रिफ्लेक्टर यांवर मास्किंग टेप लावा आणि जवळ असतील तर त्यांना पुठ्ठ्याची आड द्या. हीट गन सर्वांत कमी तापमानावर ठेवा. तोंड पृष्ठभागापासून वीतभर दूर. हात सतत हलता, इस्त्री फिरवतो तसा. पाच-सात सेकंद फिरवा, थांबा, बघा. पांढरं काळं व्हायला लागलं, की बंद करा. थंड होऊ द्या. गरज वाटली तर पुन्हा. गरम असताना बोट लावू नका, ठसा उठतो.

माझी चूक इथंच झाली. रेघ जात नाही म्हणून मी गन एका जागी धरली. रेघ गेली, पण तिच्याबरोबर पोतही वितळला. आता तिथं रुपयाएवढा चकचकीत डाग आहे आणि तो ओरखड्यापेक्षा लांबून दिसतो. एबीएस तर साधारण शंभर अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि वाकडं होतं. पॉलिप्रॉपिलीन वितळायला एकशेसाठच्या आसपास लागतात. हीट गनच्या तोंडाशी हवा याच्या कितीतरी वर असते. म्हणून अंतर आणि हालचाल हेच तुमचं नियंत्रण. बॉक्सच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी हात बसवा. आणि हे काम बाल्कनीत किंवा अंगणात करा, बंद खोलीत नाही.

ओरखड्याच्या कडेला प्लास्टिकची साल उभी राहिली असेल तर गरम करण्याआधी नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून ती तासून घ्या. पोत असलेल्या प्लास्टिकला सँडपेपर लावू नका. पोत एकदा घासला, की परत येत नाही.

रंगवलेलं चकचकीत झाकण

इथं गरम हवा नको, पॉलिशिंग हवं. रंगाच्या वर पारदर्शक लाखेचा थर असतो, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. ओरखडा त्या थरातच असेल तर थर किंचित घासून रेघ नाहीशी करता येते.

नख अडकत नसेल तर फक्त रबिंग कंपाउंड आणि मायक्रोफायबर कापड पुरतं. लहान भागात, हलक्या हातानं, दोन-तीन मिनिटं. हलकंच अडकत असेल तर आधी २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सात-आठ हात, मग ३००० नंबरचा, मग कंपाउंड, शेवटी मेण. फडक्यावर झाकणाचा रंग उतरायला लागला, की लगेच थांबा. लाख संपली, खालचा रंग निघतोय. खालचं वेगळ्या रंगाचं प्लास्टिक दिसत असेल तर घासून काहीच साधणार नाही, रंगच द्यावा लागेल. बंगळुरूत अशा कामाच्या दुकानावर 'टिंकरिंग' अशी पाटी असते. पुण्या-मुंबईचं डेंटिंग-पेंटिंग ते हेच.

खोल खाच, एबीएस

एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. याचा फायदा घेऊन त्याचीच लापशी करून खाच भरता येते. त्याच प्लास्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घ्या, बुडतील एवढं अ‍ॅसिटोन घाला, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. थ्री-डी प्रिंटिंगसाठी मिळणारी काळी एबीएसची तारही चालते. सकाळी पातळ श्रीखंडासारखं मिश्रण तयार होतं. बाटली काचेचीच हवी. चहाच्या टाकाऊ प्लास्टिक कपात घातलंत तर कपच विरघळेल. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतात. शुद्ध अ‍ॅसिटोन केमिकलच्या दुकानात मिळतं.

खाच स्वच्छ करा, कडांना टेप लावा, काडीनं पातळ थर भरा. एकदम जाड भरलं तर वरून सुकतं आणि आत ओलं राहतं. दोन थरांत काही तासांचं अंतर ठेवा. सुकताना मिश्रण आकसतं, म्हणून शेवटचा थर किंचित उंच ठेवा. दोन दिवस जाऊ द्या. मग ४०० आणि ६०० नंबरच्या पेपरनं सपाट करा. पोत परत आणायचा तर वर टेक्श्चरचा काळा स्प्रे, दोन-तीन पातळ हात.

अ‍ॅसिटोन पेट्रोलइतकंच झटकन पेटतं. गॅस, उदबत्ती, सिगारेट काही जवळ नको. खिडक्या उघड्या हव्यात, मुलं लांब हवीत.

खोल खाच, पॉलिप्रॉपिलीन

याच्याशी भांडू नका. पॉलिप्रॉपिलीनला जवळजवळ काहीच चिकटत नाही. इपॉक्सी पुट्टी, झटपट गोंद, साधा रंग, सगळं काही दिवसांत पापुद्र्यासारखं सुटतं. त्याच्या पृष्ठभागावर पाणीदेखील पसरत नाही, थेंब धरून बसतं, मग गोंद तरी कसा पसरेल? स्प्रे द्यायचाच असेल तर आधी प्लास्टिकसाठी बनवलेला खास प्रायमर लागतो. खोल खाच भरायची तर पॉलिप्रॉपिलीनच्याच काडीनं गरम हवेचं वेल्डिंग. कारचे बंपर दुरुस्त करणारे ते करतात. घरी पहिल्यांदाच करून बघायचं हे काम नाही.

माझा सल्ला सोपा आहे. साल तासा, गरम हवा हलकी फिरवा, आणि उरलेल्या खाचेवर लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावा. बॉक्सच्या मागच्या कोपऱ्यावर ती टेप रात्री मागच्या ट्रकवाल्याला तुमची गाडी दाखवते. ओरखडा झाकण्यासाठी याहून उपयोगी वस्तू मला माहीत नाही.

तडा असेल तर

झाकणाच्या मधोमध, भार नसलेल्या जागी छोटा तडा असेल तर त्याच्या टोकाशी दोन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग एबीएस असेल तर आतून काचेच्या जाळीचा तुकडा त्याच लापशीत बसवा. पॉलिप्रॉपिलीन असेल तर वेल्डिंग.

पण बोल्ट, हूक, कुलूप, बिजागरी आणि तळ यांजवळचा तडा दुरुस्त करू नका. तो भाग बदला. बऱ्याच कंपन्यांच्या बेस प्लेट, कुलपं, बिजागऱ्या सुट्या मिळतात. बॉक्सच्या आत कमाल वजन आणि वेग लिहिलेला असतो. तो नव्या, धडधाकट बॉक्ससाठी असतो. चिकटवलेल्या बॉक्ससाठी कुणी आकडा दिलेला नाही. लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास आणि खाली ठिसूळ होत जातं. बंगळुरूत तग धरलेला तडा तिकडे पहाटेच्या थंडीत एका दणक्यात पुढे धावू शकतो.

आणि हेल्मेट

हे सगळं शिकल्यावर कुणाचा तरी हात हेल्मेटकडे वळणार, म्हणून मुद्दाम सांगतो. यातला एकही उपाय हेल्मेटच्या कवचावर करायचा नाही. बरीच हेल्मेटं एबीएसची किंवा पॉलिकार्बोनेटची असतात. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल, स्प्रेचा रंग आणि हीट गन यांनी ते कवच आतून कमजोर होतं, आणि बाहेरून काही कळत नाही. हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकानुसार तपासलं जातं. ती तपासणी कारखान्यातून आलेल्या हेल्मेटची असते, तुम्ही घासलेल्या-रंगवलेल्या हेल्मेटची नाही. साबण-पाणी आणि मऊ फडकं, बस्स. जोराचा मार बसलेलं हेल्मेट ओरखडा किती लहान आहे ते न बघता बदला. बॉक्सचं काम सामान सांभाळण्याचं आहे, हेल्मेटचं डोकं.

पुन्हा ओरखडे पडू नयेत म्हणून

नवीन बॉक्स असेल तर कोपऱ्यांना पहिल्याच दिवशी पारदर्शक संरक्षक फिल्म लावा. बॉक्स लावल्यावर गाडी किती रुंद झाली ते एकदा टेपनं मोजा. दोन साइड बॉक्स असलेली गाडी पुष्कळदा हँडलइतकी किंवा त्याहून रुंद होते. पुढचं चाक आणि हँडल निघालं म्हणजे मागचंही निघेल असं वाटतं, आणि तिथंच भिंत लागते. गाडी शक्यतो सावलीत लावा. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, वरचा थर भुरकट आणि ठिसूळ होतो, मग छोटा धक्काही मोठी रेघ ओढतो. काळ्या बॉक्समधलं काजळीसारखं कार्बन ब्लॅक हे किरण अडवतं. घरांवरच्या पाण्याच्या टाक्या काळ्या असतात, त्यामागेही हे एक कारण आहे.

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगतो. मी टॉर्च लावून उजेडाची रेघ दाखवली तेव्हा तो गप्प झाला. म्हणाला, "काका, तीन महिने मी याच बॉक्समध्ये लॅपटॉप घेऊन विमानतळ रोडला फिरतोय." पुण्याला तो कापडी बॅग सीटला पक्की बांधून गेला. परत आल्यावर आम्ही जे. सी. रोडच्या गल्ल्यांत फिरून बॉक्सचा खालचा अर्धा भाग सुटा मिळवला. रुंद वॉशर आणि नायलॉक नट घालून त्यानं तो स्वतः बसवला, मी फक्त बाजूला बसून चहा घेतला. जुना तडकलेला तळ फेकला नाही. तो एबीएसचा होता, त्याचे तुकडे करून बाटलीत टाकले. व्हिडिओत जी लापशी दिसते ती त्याचीच.

झाकणावरचे दोन ओरखडे मात्र आहेत तिथंच आहेत. मी काढून देतो म्हटलं, तर म्हणाला, "राहू देत काका. आईला सांगून टाकलंय."

तर मंडळी, या रविवारी एवढंच करा. बॉक्स उतरवा, धुवा, रात्री आत टॉर्च ठेवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. रेघ दिसली नाही तर निर्धास्त पॉलिश करत बसा. दिसली, तर त्या बॉक्समध्ये सामान भरू नका. पुढच्या भागात साइड बॉक्सच्या लोखंडी फ्रेमबद्दल बोलू, वेल्डिंगचा सांधा कुठे आणि का तुटतो ते बघू.

नमस्कार. सांभाळून चालवा.